उत्तरे, दर मिनिटाला

बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी चौगुलेनं आमच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये पीयूसीचा पाईप सारला आणि सायलेन्सरमधून मी म्हणालो, "ब्रेकवरच पाय आहे माझा."

मी तेव्हा पुढे स्टिअरिंग धरून, तोंड मिटून बसलो होतो. पण आवाज माझाच होता. पंधराएक वर्षांपूर्वीचा असावा, कारण बोलणाऱ्याचे वरचे दात अजून स्वतःचे होते. पाठोपाठ धुराचा दुसरा करडा झोत आला आणि म्हणाला, "ट्रक मलाही दिसतोय." मग तिसरा, "तुझ्या भावाला पत्ता नीट सांगता येत नाही, त्यात माझी काय चूक?"

चौगुलेनं वाकून सायलेन्सरमध्ये बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग मशीनकडे. मशीननं कागदाची पट्टी बाहेर काढली.

"एकेचाळीस," तो म्हणाला. "मिनिटाला एकेचाळीस उत्तरं, साहेब. तुमच्या गाडीच्या वयाला चार चालत्यात."

"चारच?"

"नव्या गाडीला एक."

गाडी चालवताना माणूस जे उत्तर गिळतो ते पोटात जात नाही. ते पायावाटे पेडलमध्ये उतरतं, इंजिनात जळतं आणि मागून बाहेर पडतं. नीट जळलं नाही तर आवाजासकट पडतं. पीयूसीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते: उत्तरे, दर मिनिटाला. ती ओळ कुणी वाचत नाही. मी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात नकाशे काढले, कागदावरची प्रत्येक रेघ बघायची मला सवय आहे, पण ही ओळ मीही कधी वाचली नव्हती.

आता बारा वर्षं हे कसं लपलं, ते सांगतो. चौगुलेची पीयूसीची व्हॅन आमच्या भागातल्या पेट्रोल पंपाशेजारी उभी असते. व्हॅनच्या मागे दाताचे डॉक्टर पोतनीस आपली गाडी लावतात, कारण त्यांचा दवाखाना वरच आहे. चौगुलेचा पाईप कायम पोतनीसांच्या सायलेन्सरमध्ये असे. आपण गाडी घेऊन जायचं, चौगुले मोबाइलवर आपल्या नंबरप्लेटचा फोटो काढणार, पोतनीसांची गाडी दोन मिनिटं चालू करणार आणि आपल्या नावाचा कागद हातात देणार. सगळे असंच करत. आमच्या भागातल्या निम्म्या गाड्यांचा धूर कागदोपत्री पोतनीसांचा आहे. पोतनीस अविवाहित आहेत आणि गाडीत एकटेच असतात, त्यामुळे उत्तरांच्या ओळीत नेहमी शून्य येई.

"मग आजही तसंच करा की," मी म्हणालो.

"नवं मशीन आलंय. फोटो एका गाडीचा आन् धूर दुसऱ्या गाडीचा, असं चालत न्हाई त्याला. लगेच वळकतंय." चौगुलेनं मशीनवर हात ठेवला. त्याला त्याचा अभिमान वाटत होता की भीती, हे मला कळलं नाही. "घरी मॅडमना ऐकू येऊ द्यू नका हे."

"का?"

"सगळी उत्तरं त्यांनाच द्यायची दिसत्यात."

आमची गाडी पांढरी, चौकोनी आणि पंचवीस वर्षांची आहे. तिच्या नोंदणीची मुदत शुक्रवारी संपत होती. अर्ज केला की पाच वर्षं वाढवून मिळतात, पण अर्जासोबत ताजी पीयूसी लागते. शुक्रवारी पाच वाजता आरटीओची खिडकी बंद, आणि मग गाडी भंगारात. एवढंच असतं तर मी गाडीला हार घालून निरोप दिला असता. पण कुंदाचा प्रश्न होता.

कुंदा माझी बायको. घरात आम्ही बोलत नाही. भांडण वगैरे काही नाही, कधी झालंच नाही. घरात टीव्ही बोलतो, कुकर बोलतो, तेवढं पुरतं. कुंदा बोलते ती गाडीत. दार लावलं, पट्टा बांधला की ती सुरू होते आणि उतरेपर्यंत थांबत नाही. मी चालवतो आणि ऐकतो. पंचवीस वर्षं आमचा संसार असा गाडीत झाला. गेल्या महिन्यात मुदतीचं पत्र आलं तेव्हा ती गाडीतच म्हणाली, "गाडी गेली की मी बेळगावला ताईकडे जाते राहायला. इथं राहून बोलू कुणाशी?" दूध संपलंय हे सांगावं, तसं तिनं ते सांगितलं. मी काही बोललो नाही. उत्तर गिळलंही नाही, कारण ते सुचलंच नव्हतं. मी एवढा घाबरलो होतो की पुढचे दोन सिग्नल मला दिसले नाहीत, आणि ते कुंदानं मला सांगितले.

गाडीत आणखी एक अडचण होती. पुढच्या दोन सीटांमधलं अंतर वाढलं होतं. गाडी घेतली तेव्हा ते साडेनऊ इंच होतं. पाच वर्षांनी दोन फूट झालं. बुधवारी मी टेप लावून मोजलं तेव्हा नऊ फूट चार इंच भरलं. बाहेरून गाडी पहिल्याइतकीच रुंद दिसे, आणि पार्किंगमध्ये कुणाची तक्रार नव्हती. पण आत कुंदा फार लांब बसायची. पूर्वी ती प्रवासात माझ्या तळहातावर आवळासुपारी ठेवायची. आता तिकडून फेकायची. तिचा नेम चांगला आहे, पण वळणावर मला झेल घेता येत नसे आणि मग सुपारी पायाखाली जाई.

चौगुलेकडून मी थेट मिरजेला ताजुद्दीन मिस्त्रीकडे गेलो. जुन्या गाड्यांचं त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. त्यांनी सायलेन्सर उतरवला, पान्यानं ठोकून बघितला, आणि मग डॉक्टर छातीला कान लावतात तसा त्याला कान लावला.

"थर बसलेत, साहेब," ते म्हणाले. "वरचा थर ताजा आहे. खालचा..." त्यांनी पुन्हा ठोकलं. "खालचा तुमच्या लग्नानंतर लगेचचा असेल."

"लग्न आधी झालं. गाडी नंतर."

"मग गाडीनंतर लगेचचा. काय गिळलं हो एवढं? आमच्याकडं टेम्पोवाले येतात, तीस तीस वर्षं संसार केलेले, त्यांचंसुद्धा एवढं नसतं."

त्यांनी कार्ब्युरेटर साफ केला, प्लग बदलले आणि आत कसलंसं औषध ओतलं. औषध ओतल्यावर सायलेन्सर खोकला आणि म्हणाला, "मला भूक नाही असं मी म्हणालोच नव्हतो." एवढाच परिणाम झाला.

"आता हायवेला जाऊन तिसऱ्या गिअरवर ताणा," मिस्त्री म्हणाले. "पन्नास किलोमीटर. निघालं तर निघालं."

मी ताणली. आरशात बघितलं तर मागे करडा पट्टा पसरला होता, आणि त्या पट्ट्यातून येणारे लोक वैतागले होते. एक मोटरसायकलवाला वेगानं माझ्या खिडकीशी आला.

"ओ काका, मी कुठं काय म्हणालो?"

"तुम्हाला नव्हतं ते."

"मग मला का सांगताय, गॅस बंद करूनच निघालोय म्हणून?"

मी त्याची माफी मागितली. पुढे उसाच्या एका ट्रॅक्टरवाल्यानं बाजूला घेऊन मला सांगितलं की आईला कधी आणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, आम्हाला त्यात ओढू नका. पन्नास किलोमीटर झाल्यावर मी परतलो. मिस्त्रींनी सायलेन्सरला कान लावला. तो अगदी शांत होता. मी खुश झालो, गाडी घरी आणून पार्किंगमध्ये लावली आणि शांत झोपलो.

गुरुवारी सकाळी खाली जाऊन गाडी सुरू केली तर सगळी उत्तरं परत आली होती. ती हायवेवरून गाडीच्या मागोमाग आली असावीत आणि उजाडायच्या आत जागेवर जाऊन बसली असावीत. मी मिस्त्रींना फोन केला.

"मग खरडून निघायचं नाही," ते म्हणाले. "ज्याचं त्याला ऐकवावं लागेल. ऐकलं गेलं की परत येत नाही. मी आधी बोललो नाही, म्हटलं, बघू औषधानं जातंय का."

मी फोन ठेवला. मागे वळलो तर कुंदा पार्किंगच्या जिन्यावर उभी होती. तिच्या एका हातात घेवड्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकची निळी फाइल होती. ती फाइल मला माहीत होती. त्यात गाडीचे कागद असतात.

"पीयूसी झाली का विचारायला मी चौगुलेला फोन केला होता," ती म्हणाली. गाडीत बसलेली नसतानाही ती बोलतेय, याचंच मला आधी आश्चर्य वाटलं. "तुमचं मिनिटाला एकेचाळीस आलंय म्हणे."

"हो."

तिनं फाइल उघडली. आत पीयूसीचे चोवीस कागद तारखेप्रमाणे लावलेले होते, बारा वर्षांचे. एकेका कागदावर तिनं बोट ठेवलं. सगळ्यांवर एकाच ओळीपाशी.

"शून्य," ती म्हणाली. "शून्य. शून्य. दर सहा महिन्यांनी तुम्ही कागद आणून टेबलावर टाकायचात आणि मी ही ओळ वाचायचे. मी एवढी बोलते आणि ह्या माणसाला एक उत्तरसुद्धा गिळावं लागत नाही. म्हणजे सुचतच नाही. म्हणजे ऐकतच नाही. सरकारी कागद आहे, त्यावर शिक्का आहे. मी विश्वास ठेवला."

"तो धूर पोतनीसांचा होता."

"मी बारा वर्षं पोतनीसांवर चिडले होते?"

"कागदोपत्री."

मला इतकी लाज वाटली की मी सायलेन्सरकडे बघायला लागलो. ती सगळी माणसं, ते फोटो, तो कायम दुसऱ्याच्या गाडीत असलेला पाईप, यात मला कधीच काही वावगं वाटलं नव्हतं. उलट वेळ वाचतो म्हणून मी चौगुलेचं कौतुक करत असे. चौकात, चारचौघांसमोर.

कुंदानं वर जाऊन घडीची खुर्ची आणली, गाडीच्या मागे सायलेन्सरपासून दोन हातांवर मांडली, मांडीवर परात घेतली आणि घेवड्याच्या शिरा काढायला बसली.

"सुरू करा," ती म्हणाली.

मी गाडी सुरू केली. उत्तरं वरच्या थरापासून, ताजी आधी, अशी येऊ लागली. प्रश्न नव्हतेच, नुसती उत्तरं होती, पण कुंदाला प्रत्येकाचा प्रश्न आठवत होता.

"पेट्रोल कालच भरलंय."

"ते तासगावला जाताना. हं."

"मला तो निळा शर्ट आवडत नाही म्हणून घालत नाही."

"मग सांगायचं होतं. मी दुसराही तसलाच आणला."

"तू गात होतीस तेव्हा मी मुद्दाम रेडिओ लावला नाही."

कुंदानं घेवडा मोडता मोडता मान वर केली आणि परत खाली घातली. दहाबारा उत्तरं झाल्यावर तिनं हात वर केला. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला.

"ताईकडे जाते म्हणाले होते, त्याचं?"

आम्ही दोघांनीही सायलेन्सरकडे बघितलं. धूर आला, पण नुसताच. त्यात काही नव्हतं.

"बरं," कुंदा म्हणाली. "पुढे चालू द्या."

दुपारपर्यंत आम्ही दहा वर्षं मागे गेलो. एक गोष्ट माझ्या लक्षात आली: प्रत्येक ऐकलेल्या उत्तराबरोबर शेजारची रिकामी सीट माझ्याकडे थोडी सरकत होती. मी टेप काढला. सहा फूट दोन इंच. जेवून खाली आलो तेव्हा चार फूट. कुंदाचा घेवडा संपला, मग तिनं तांदूळ निवडले, मग लसूण सोलला. काही उत्तरांवर ती हसली. काहींवर तिनं एवढंच म्हटलं, "हे बरं झालं गिळलंत."

चारच्या सुमाराला सायलेन्सर म्हणाला, "घे. माझ्यापेक्षा तू कितीतरी चांगलं सांभाळशील."

कुंदाचा हात थांबला. मला आठवायला वेळ लागला, तिला लागला नाही. अठरा वर्षांपूर्वी बेळगावहून परत येताना, निपाणीच्या अलीकडे, तिनं मला विचारलं होतं की शाळेत मुख्याध्यापिकेची जागा देतायत, घेऊ का. मी काही म्हणालो नव्हतो. सोमवारी तिनं शाळेत नको म्हणून कळवलं. पुढे ती सहायक शिक्षिका म्हणूनच निवृत्त झाली.

"हे तेव्हा का बोलला नाहीत?" कुंदा खुर्चीवरून म्हणाली.

"समोर ट्रक होता."

"ट्रक गेल्यावर?"

ट्रक गेल्यावर दुसरा होता, हे खरं असलं तरी सांगण्यासारखं नव्हतं. "चुकलं माझं," मी म्हणालो. "फार मोठं चुकलं." हे मी तोंडानं म्हणालो, इंजिन चालू असताना, खिडकीतून मान बाहेर काढून. कुंदानं पदरानं डोळे पुसले. लसणाचे हात होते, त्यामुळे आणखीच पुसावे लागले.

दिवेलागणीला शेवटचा थर आला. तो पंचवीस वर्षांपूर्वीचा, गाडी घरी आणली त्या दिवसाचा होता. उत्तर एकच होतं आणि तरुण होतं: "भीती मलाही वाटतेय." मग धूर पांढरा झाला, मग दिसेनासाच झाला. कुंदा उठली, खुर्ची मिटली आणि डावीकडचं दार उघडून गाडीत बसली. दोन्ही सीटा एकमेकींना चिकटल्या होत्या. साडेनऊ इंचांवर थांबतील असं मला वाटलं होतं, पण त्या थांबल्या नव्हत्या. हँडब्रेक तिच्या बाजूला गेला होता. तिनं तो एकदा ओढून बघितला आणि सोडला. ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही, पण हे न बोलणं घरातल्यासारखं नव्हतं.

शुक्रवारी साडेतीनला आम्ही चौगुलेकडे गेलो. कुंदा निळी फाइल घेऊन शेजारी बसली होती. चौगुलेनं पाईप सारला, मशीन चालू केलं आणि वाट बघितली. मग त्यानं पाईप काढून पुसला आणि परत सारला.

"शून्य," तो म्हणाला.

"छान," मी म्हणालो.

"छान कुठलं, साहेब. जुन्या मशीनला शून्य चालायचं. ह्याला न्हाई चालत. शून्य आलं की हे म्हणतंय, पाईप गाडीत न्हाईच, भाईर हाय. लई लोकांनी फसवलंय त्याला."

"कुणी?"

"आपणच की," चौगुले म्हणाला. "एक तरी पायजे. एकापासनं चारपर्यंत कितीबी, पण एक पायजे. मॅडम, तुम्ही कायतरी बोला, साहेब गप बसतील. गिळलं की येईल मागनं."

हे सोपं वाटलं. कुंदानं पट्टा बांधला आणि घसा साफ केला.

"तुमच्या कॉलरला साबण राहिलाय," ती म्हणाली.

"घाईत धुतला," मी म्हणालो.

"साहेब," चौगुले मागून म्हणाला.

"माफ करा. परत."

"दुधवाल्याला उद्या नको म्हणून सांगितलंत का?"

"सांगितलं. सकाळीच."

माझी पंचवीस वर्षांची सवय एका दिवसात गेली होती. कुंदा बोलली की उत्तर सरळ तोंडात येत होतं आणि मी दात मिटायच्या आत बाहेर पडत होतं. त्यातून नवीनच अडचण झाली. मी मोठ्यानं दिलेल्या प्रत्येक उत्तराला गाडी दोनेक इंच अरुंद होऊ लागली. सीटा कालच चिकटल्या होत्या, आता त्या एकमेकींत शिरत होत्या. पाचव्या उत्तराला कुंदाचा खांदा माझ्या खांद्यावर आला. आठव्याला आम्ही एकाच सीटवर होतो आणि दोन्हीकडच्या खिडक्या कानांना लागत होत्या. मला खोटं सांगायचं नाही, मला ते आवडत होतं.

"थांबा, थांबा," चौगुले ओरडला. "नंबरप्लेट अरुंद व्हाया लागलीय. एम अगदी बारीक झालाय की हो. पुढचा एचसुद्धा बारीक व्हाया लागलाय. नंबर पुरा दिसला न्हाई तर फोटो घेत न्हाई हे मशीन."

कुंदाच्या मनगटावरचं घड्याळ माझ्या नाकाशी होतं. त्यात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आरटीओची खिडकी पाचला बंद होणार होती आणि तिथपर्यंत जायला पंचवीस मिनिटं लागतात.

"आणखी एक उत्तर तोंडानं दिलंत तर एम जाईल," कुंदा म्हणाली.

मी मान हलवली. मान हलवायला जागा नव्हती, म्हणून दोघांच्याही माना हलल्या.

"अहो, आता मी विचारते," ती म्हणाली. "नीट ऐका आणि लगेच बोलू नका. गाडीचं काय होईल ते होवो. मी ताईकडे जाऊ नये असं तुम्हाला वाटतं का?"

या वेळी उत्तर होतं. गेल्या महिन्यात सुचलं नव्हतं ते आता पूर्ण, काना-मात्रेसकट, जिभेवर येऊन उभं राहिलं. मी तोंड उघडलं.

कुंदानं त्यात आवळासुपारी घातली. फेकली नाही, बोटांनी ठेवली, आणि तळहातानं माझं तोंड मिटलं.

"तोंडानं नको," ती म्हणाली. "चोवीस कागदांवर शून्य आहे. मला एका कागदावर एक पाहिजे. शिक्क्यासकट."

तिनं हँडब्रेक ओढला, सीट आणि दार यांच्या मधून स्वतःला कशीबशी सोडवून घेतलं आणि फाइल छातीशी धरून ती गाडीच्या मागे गेली. मी आरशात बघितलं. तिनं पदर खोचला, डांबरावर गुडघे टेकले आणि पाईपच्या कडेला, जिथं थोडी फट राहते तिथं, कान लावला. चौगुलेनं मोबाइल वर धरला.

"साहेब," तो म्हणाला, "गिळा आन् रेस द्या."

मी गिळलं. उत्तर मोठं होतं. सुपारीच्या बाजूनं वाट काढत ते घशाखाली गेलं, छातीत थोडं अडलं, मग पोटाला वळसा घालून उजव्या मांडीत उतरलं. आरशात कुंदाचा फक्त कान दिसत होता आणि त्यावरचे पांढरे केस तिनं हातानं मागे धरले होते. उत्तर गुडघ्यापर्यंत आलं. मी चपलेतून पाय काढला आणि अनवाणी पाय पेडलवर ठेवला.